आई-पप्पा पहिल्यांदाच दुबईला जायलेत, पैसे अन् सामानाचं कसं करावं?

गोदाकाठ_परभणी
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई-पप्पा ताईकडं दुबईला जायलेत महिनाभरासाठी, विमान हैदराबादहून आहे. दोघंबी पहिल्यांदाच देशाबाहेर. पप्पा झेडपीचे रिटायर मास्तर, त्यामुळं सगळं वहीत लिहून घ्यायलेत अन् प्रश्न मला विचारायलेत, मीच कधी गेलो नाही तर काय सांगू. त्यांचं म्हणणं, पेन्शनच्या खात्यातून दीड लाख काढायचे, नोटाच सोबत न्यायच्या, तिकडं बदलून घेऊ. आईचं वेगळंच चालूय. ताईला पाचवा महिना आहे म्हणून अनारसे, येसर, काळा मसाला, धपाट्याचं पीठ, खोबऱ्याच्या वाट्या, वरून पाटल्या अन् बोरमाळ अंगावर, लेकीच्या घरी अशीच लंकेची पार्वती होऊन जाऊ का म्हणायली. पप्पांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पण आहेत, एक तळपायाच्या जळजळीची. यातलं काय चालतंय काय नाही? जाऊन आलेल्यांनीच सांगा, व्हॉट्सअपवरचं ज्ञान नको, ते घरात लई झालंय.

नाना_नांदेडकर
मास्तरांना सांगा दीड लाखाच्या रुपयाच्या नोटा घेऊन विमानात बसताच येत नाही. भारतातून जाताना माणशी २५,००० रुपयांपर्यंतच भारतीय नोटा नेता येतात, अन् तेवढ्या तरी कशाला, परत आल्यावर हैदराबादला टॅक्सी-जेवणापुरते ठेवा बास. बाकी इथूनच दिरहम घ्या. नोटा म्हणून परकीय चलन माणशी ३,००० डॉलरपर्यंत मिळतं, म्हणजे साधारण ११ हजार दिरहम, तुमच्या कामापुरतं भरपूर आहे. त्याहून जास्त लागलं तर फॉरेक्स कार्डवर टाकतात, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड. चलन घेताना ५० हजार किंवा त्याच्या वर रोख रुपये घेत नाहीत, चेक नाहीतर ऑनलाइन द्यावे लागतात, मग पेन्शन खात्यातून रोख काढायची भानगडच नको. पासपोर्ट, पॅन, तिकीट, व्हिसा सोबत न्या. एअरपोर्टवरच्या काउंटरवर रेट बेकार असतो, शक्यतो संभाजीनगरात नाहीतर हैदराबाद शहरात आधीच घेऊन ठेवा.

डॉलर न्यावे का दिरहम असं बरेच जण विचारतात. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५ दिरहम, त्यामुळं रेट वर-खाली व्हायची भीती नाही पण दोनदा बदलायचं कमिशन का द्यायचं, सरळ दिरहम घ्या. आणि हो, सुट्टे मागा. मला माझ्यावेळी १,००० दिरहमच्या कडक नोटा दिल्या, उतरल्या उतरल्या टॅक्सीवाल्यापुढं धरली तर त्यानं अशी नजर टाकली की विचारू नका, रात्रीचे दोन वाजलेले, शेवटी जावयालाच खाली बोलवावं लागलं पैसे द्यायला. काय इज्जत राहिली मग.

तिकडं ६०,००० दिरहमच्या वर रोख असेल तर जाहीर करावं लागतं, तो टॅक्स नाही नुसती नोंद आहे, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. कार्ड नेत असाल तर बँकेच्या अ‍ॅपमधी इंटरनॅशनल वापर चालू करा, आपल्याकडं तो बंदच असतोय. दुकानात मशीन विचारतं रुपयात का दिरहममधी, रुपये दिसले की आपला माणूस खुश होऊन तेच दाबतो. दिरहमच दाबायचं, रुपयात ते त्यांच्या मनाचा रेट लावतेत.

लातूर_शारजा_लातूर
सहा वर्षं शारजात होतो. पैशाचं नानांनी सांगितलंय, मी डब्याचं सांगतो कारण माणूस अडकतो तो डब्यापायी. अनारशाला खसखस लावलीय का? असेल तर तो डबा घरीच ठेवा. यूएईत खसखस सरळ बंदी आहे, अफूचं बी म्हणून अंमली पदार्थात धरतात, आपण मंदसौर-नीमचला लायसन घेऊन पिकवतो अन् इथं किराणा दुकानात पुडीत मिळती हे तिकडच्या माणसाला सांगून उपयोग नाही. खसखशीपायी लोक तिथं जेलमधी गेलेत, मस्करी नाही. काळ्या मसाल्यात पण बरेच जण भाजून घालतात, आईंना विचारा. विड्याची पानं अन् गुटखा पण नको, पप्पा खात नसले तरी कुणी "आमच्या पोराला एवढी पिशवी द्या" म्हणून देतंच, ती पिशवी उघडून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. खोबऱ्याच्या वाट्या आपल्याच विमानतळावर काढून ठेवतेत, तेल असतंय म्हणून. तिथं मिळतं सगळं.

आता गोळ्या. बीपी-शुगरच्या चालतात, डॉक्टरची चिठ्ठी सोबत, पाकिटातच ठेवा, डबीत काढून नेऊ नका. पण तळपायाच्या जळजळीची गोळी प्रेगाबालिन तर नाही ना? ती तिकडं कंट्रोल्डमधी आहे, ट्रॅमाडॉल आणि कोडीनचं खोकल्याचं औषध पण. त्यांच्या सरकारी वेबसाइटवर आधी परवानगी काढावी लागती, चिठ्ठी अपलोड करून.

बीडची_सून
सोन्याचं कुणी बोललं नाही अजून. अंगावर घालून जा काकू, पण निघताना विमानतळावर कस्टमला दागिने दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं, पावती नाहीतर व्हॅल्युएशन अन् फोटो न्या. नाहीतर परत येताना हे इथलंच आहे हे पटवत बसावं लागतं. माझ्या सासूबाईंनी ते केलं नव्हतं, दीड तास उभ्या होत्या, पाटल्या तीस वर्षं जुन्या, झिजलेल्या, तरी.

आणि तिकडून स्वस्त म्हणून घेऊन यायचं डोक्यात असेल तर ते काढा. बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम दागिने ड्यूटीशिवाय म्हणतात ते खरंय पण एक वर्षाच्या वर बाहेर राहिलेल्यांना, महिनाभर फिरून येणाऱ्याला नाही. ताईच बाळंतपणाला आली की घालून येईल. बाकी खरेदी एका बिलावर २५० दिरहमच्या वर झाली तर दुकानात टूरिस्ट टॅक्स-फ्री म्हणून सांगायचं, पासपोर्ट दाखवायचा, ५ टक्के व्हॅटमधला बराचसा परत मिळतो. पण सामान चेक-इनला देण्याआधी तिथल्या काउंटरवर जायचं हं, बॅग पट्ट्यावर गेल्यावर आठवून उपयोग नाही, हे मी केलंय.

गोदाकाठ_परभणी
नाना, दादा, ताई, लई उपकार. पप्पांनी सगळं वहीत उतरवलं, ३,००० अन् ६०,००० च्या खाली लाल रेघ पण मारली. गोळी प्रेगाबालिनच निघाली हो! उद्या सकाळी डॉक्टरकडं जायलो चिठ्ठीसाठी. अनारशाचं आईला सांगितलं तर आधी माझ्याकडंच बघत राहिली, मग म्हणली खसखस नाही तर नाही, तिळात घोळते. मसाला बिन खसखशीचा नवा करायलीय, सगळी गल्ली खोकायलीय. पाटल्यांवर अजून बोलणी चालू आहेत.