धिंगरीच्या खोलीत हवा खेळती कशी ठेवायची? एक्झॉस्ट आणि पाईपबद्दल मदत हवी

धिंगरी_कराड
नमस्कार, कराडजवळ गावातल्या जुन्या घरात एका खोलीत धिंगरी मशरूम सुरू केलंय. खोली १० बाय १२, वर ९ फुटांवर शीट आहे, ६० बॅगा टांगल्यात, सोयाबीनच्या काडाच्या. स्पॉन (मशरूमचं बियाणं) छान पसरलं, बॅगा पांढऱ्याशुभ्र झाल्या, मग पिनहेड (मशरूमचे बारके कोंब) आले तेव्हा मला एवढा आनंद झाला की सांगू नका, पण पुढे देठच वाढत गेले, तीन-चार इंच लांब, आणि वरची छत्री रुपयाच्या नाण्याएवढीच. बाजारात कोणी घेईना. ओलावा टिकावा म्हणून मी दाराला आणि खिडकीला प्लास्टिक लावलंय आणि आत टेबल फॅन फिरवते. खिडकी घराच्या सोप्यात उघडते, एका भिंतीमागे गोठा, मागच्या भिंतीपलीकडे परसू. सोप्याकडच्या खिडकीतच एक्झॉस्ट बसवावा म्हणते, कारण तिथं भोक आयतं आहे. चार इंची पाईप चालेल का? हेपा (हवेतले अतिबारीक कण गाळणारा) फिल्टर लागतो का? आणि फॅन लावला की ओलावा जाईल ही भीती वाटते. अजून एक, काढणी सुरू झाल्यापासून सासूबाईंना खोकला लागलाय, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

नाशिकचा_अळिंबीवाला
ताई, लांब देठ आणि बारकी छत्री म्हणजे बहुतेक कार्बन डायऑक्साइड साठलाय. बॅगा आपल्यासारखाच श्वास घेतात आणि सोडतात. स्पॉन पसरताना तो वायू बराच साठला तरी चालतो, उलट तेव्हा खोली बंदच ठेवायची असते, पण पिनहेड दिसले की गणित उलटं होतं, तेव्हा १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) खाली पाहिजे. टेबल फॅन तीच हवा गोल गोल फिरवतोय. आतली बाहेर आणि बाहेरची आत आली पाहिजे. मीपण पहिल्या वर्षी प्लास्टिक लावून बसलो होतो आणि दोन लॉट असेच देठ खाऊन संपवले.

आणि सासूबाईंचं आधी बघा, हात जोडून सांगतो. धिंगरीचे बीजाणू प्रचंड उडतात, सकाळी बॅगांवर पांढरी पूड बसलेली दिसते ना, तीच ती. रोज छातीत गेली तर ॲलर्जीसारखी फुप्फुसाला सूज येते, मशरूमच्या कामगारांमध्ये हा माहीत असलेला आजार आहे. त्यांना त्या खोलीत जाऊ देऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि घरात मशरूम करतो हे आवर्जून सांगा. तुम्ही स्वतः एन-९५ मास्क लावूनच आत जा. छत्रीची कड अजून आत वळलेली असतानाच काढणी करा, कड सपाट होऊन वर उलटली की बीजाणू सुटतात आणि वजनालाही ती धिंगरी हलकी भरते.

डक्टवाला_सांगली
मी हॉटेलच्या किचनची डक्टिंगची कामं करतो, मशरूमचं मेव्हण्याच्या शेडमुळे शिकलो. सोप्यात एक्झॉस्ट सोडू नका ताई!! ती सगळी पूड घरातच येणार. उलट करा. सोप्याकडची खिडकी हवा आत घ्यायला ठेवा आणि परसाकडच्या भिंतीला भोक पाडून तिथून बाहेर ओढा. फॅन बाहेर ओढतो तेव्हा खोलीतला दाब किंचित कमी राहतो, म्हणून दाराच्या फटीतून हवा आतच येते, बाहेर घरात जात नाही. दार मात्र लावलेलं पाहिजे. गोठ्याकडून हवा अजिबात घेऊ नका, माश्या येतील.

आता हिशोब. १० × १२ × ९ म्हणजे १०८० घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलायची धरली तर ६४८०, भागिले ६०, म्हणजे १०८ सीएफएम (मिनिटाला घनफूट). दुकानात डब्यावर बहुतेक सीएमएच (तासाला घनमीटर) लिहिलेलं असतं, त्याला १.७ ने भागलं की सीएफएम येतं. समजा ४०० सीएमएचचा सहा इंची इनलाइन (पाईपच्या मधेच बसणारा) फॅन घेतला तर २३५ सीएफएम झाले, पाईप, बेंड, जाळी यात मी नेहमी ३०% सोडून देतो, राहिले १६५. मग टायमरवर २० मिनिटं चालू, १० मिनिटं बंद, झालं काम. बाथरूमचा साधा पंखा पाईपवर लावू नका, तो मोकळ्या भिंतीला ठीक, पाईप जोडला की त्याचा जोर मरतो. चार इंची पाईप नको, सहाचाच घ्या, चारचं तोंड सहाच्या निम्म्यापेक्षा लहान असतं. चांदीसारखा लवचिक पाईप स्वस्त पडतो पण मधे झोळ पडतो आणि झोळात पाणी साठतं, त्यापेक्षा १६० एमएमचा पीव्हीसी घ्या. भिंतीतून बाहेर जाताना थोडा उतार बाहेरच्या बाजूला द्या, मग टी (तीन तोंडांचा जोड) लावून पाईप वळचणीच्या वर न्या, आणि टीच्या खालच्या टोपणाला बारीक भोक पाडा, दमट हवेचं पाणी तिथून ठिबकेल, फॅनमध्ये परत येणार नाही. वर पावसासाठी टोपी. ओल्या खोलीत वीज आहे, तेव्हा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय फॅन चालू करू नका, हे पैसे वाचवायचं ठिकाण नाही.

कुडाळकर_मशरूम
माझ्याकडे फॅनच नाही, ३० बॅगा आहेत, समोरासमोर दोन झरोके, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास उघडतो आणि माल बरा येतो. उगाच खर्चात पडू नका असं मला वाटतं. हेपा तर नकोच, तो स्पॉन बनवणाऱ्या लॅबला लागतो, आपल्या खोलीत आठवड्यात चोंदून बसेल. आत येणाऱ्या हवेला ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जाळी आणि आत पिवळे चिकट सापळे पुरेत.

डक्टवाला_सांगली
दादा, ३० बॅगांना झरोके पुरतात हे खरंय, पण ताईंकडे दुप्पट आहेत आणि समोरासमोर वारा नाही, एक बाजू घरात उघडते. जाळीचं बरोबर बोललात, फक्त जाळी वारा अडवते म्हणून आत घ्यायचं भोक पाईपच्या तोंडाच्या अडीच-तीनपट ठेवा. सहा इंची तोंड २८ चौरस इंच, मग खिडकीत ८ बाय १० ची चौकट मोकळी ठेवून बाकी बंद करा.

नाशिकचा_अळिंबीवाला
ओलाव्याची भीती आत्ता पावसाळ्यात नको, बाहेरचीच हवा दमट आहे. उन्हाळ्यात खिडकीच्या आत वीतभर अंतर सोडून ओलं गोणपाट टांगा, हवा त्याला घासून येते. भिंत आणि जमीन भिजवा, पिनहेडवर थेट फवारा मारू नका, छत्रीवर पाणी साचलं की पिवळे डाग पडतात. गोणपाट दर आठवड्याला धुवून कडक उन्हात वाळवा, नाहीतर हिरवी बुरशी तिथूनच येते. ८० ते ९०% आर्द्रता बघा. छत्रीच्या कडा सुकून तडकल्या तर फॅन पाच मिनिटं कमी, देठ लांबले तर पाच मिनिटं जास्त, मालच सांगतो. मीटर घेणार असाल तर एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या) सेन्सरचा घ्या, स्वस्तातले काही मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्या वासांवरून अंदाज दाखवतात.

धिंगरी_कराड
सगळ्यांचे खूप खूप आभार. सासूबाईंना काल दाखवलं, डॉक्टरांनी एक्स-रे सांगितलाय, आणि त्या खोलीकडे जाणं बंद केलंय. प्लास्टिक आजच काढलं. गवंडी रविवारी येणार आहे, भोक परसाकडे नक्की, पण किती उंचीवर पाडू? फॅन आत की बाहेर?

डक्टवाला_सांगली
जमिनीपासून एक-दीड फुटावर आणि खिडकीच्या तिरप्या कोपऱ्यात, म्हणजे वरून आलेली हवा सगळ्या बॅगांमधून जाऊन खाली निघेल. फॅन भिंतीच्या बाहेर वळचणीखाली, पाऊस लागणार नाही असा, आणि दोन स्क्रूवर निघेल असा बसवा, पात्यांवर बीजाणूंचा थर चढतो, महिन्यातून एकदा मास्क लावून पुसा. फॅन सुरू झाला की उदबत्ती लावून खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात, बॅगांच्या मधे धरा. धूर जिथं हलत नाही तिथल्या दोन बॅगा काढून जागा मोकळी करा.