अनुभव धागा: विणता विणता जप, आणि नीटपणाचा हट्ट

विणणाऱ्या सगळ्यांना विचारते आहे. सुया हातात घेतल्यावर मनाचं काय होतं? आणि 'एकही टाका चुकता कामा नये' हा हट्ट कुणाचा सुटला का? सुरुवात मी करते. मी तीन सुलट टाक्यांवर 'राम कृष्ण हरी' म्हणते, पुढच्या तीन उलट टाक्यांवर पुन्हा तेच. जनाबाई दळता दळता नाम घ्यायची, तर विणतानाही ते घेता यावं असं मला मनापासून वाटतं.

कनेटिकटहून
ताई, तीन सुलट, तीन उलट वाचून अंगावर काटा आला! प्रेयर शॉलची वीण हीच. १९९८ मध्ये जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गालो यांनी आमच्याच राज्यात हा उपक्रम सुरू केला: आजारी किंवा दुःखात असलेल्या माणसासाठी प्रार्थना करत शाल विणायची. माझी केमो चालू होती तेव्हा शेजारणीच्या चर्चमधल्या बायकांनी मला अशी शाल दिली. दोघींनी मिळून विणलेली, त्यामुळे अर्धी घट्ट, अर्धी सैल. हात जिथे बदलला तिथे वीण बोटांना लागते. सलाईन चालू असताना मी नेमकी तीच जागा धरून बसायचे. सगळी शाल एकसारखी असती तर मला दोघी कुठून भेटल्या असत्या?

नाशिकहून
मी बाळाचं टोपडं उसवून उसवून लोकर पार पिंजून टाकायचे. आता एवढंच बघते: टाका सुटून खाली शिडी पडत चालली असेल, तर क्रोशाच्या सुईने ओळीओळीने वर उचलून घेते. नुसती दिसणारी चूक असेल, तर पुढे जाते. हे ठरल्यापासून विणताना नाम टिकतं. आधी नुसती तपासणी चालायची.

इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर करून आलेली
राग आला की माझे टाके आवळतात, सुई आत शिरतच नाही. पूर्वी ते उसवायचे. आता आवळलेली ओळ तशीच ठेवते, श्वासाकडे बघते आणि पुढची ओळ सुरू करते.

ठाण्याहून
मला थोडं वेगळं म्हणायचंय. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी मी क्रोशाचे ऑक्टोपस करते. ही पद्धत २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. बाळ नळ्या ओढण्याऐवजी ऑक्टोपसचे पाय धरतं. सूत शंभर टक्के कॉटनचं हवं, पाय ताणूनही २२ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, आणि वीण इतकी घट्ट हवी की आतलं भरण बाहेर येणार नाही. इथे एक टाका सैल पडला तरी मी उसवतेच, आणि तेही नाम घेतच. बाळाच्या बोटांसाठी उसवताना मला कधी जाच वाटला नाही. लोकांना दाखवायच्या स्वेटरसाठी मात्र वाटायचा.

धागाकर्ती
ठाण्याच्या ताई, अगदी पटलं. धुतल्यावर रंग न जाणारं कॉटन तुम्ही कुठून घेता? मलाही करायचे आहेत.