मदत हवी आहे: जपानहून आलेल्या शिक्षिकेला शनिवार-रविवारी झाडीपट्टीतलं रोजचं जगणं कसं दाखवावं?

धानपट्टा:

नमस्कार मंडळी.

मी झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या धानाच्या भागात, भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत शिकवते. यंदा शाळा उघडली तेव्हापासून जपानच्या एक शिक्षिका आमच्याकडे आहेत, एप्रिलपर्यंत राहतील. गणित आणि हस्तकला घेतात. पोरं त्यांना ‘जपानवाल्या बाई’ म्हणतात. मराठी बऱ्यापैकी कळायला लागली आहे. बोलताना अडलं तर इंग्रजी, तिथेही अडलं तर हातवारे. वर्गाबद्दल काही विचारायचं नाही, तिथे त्यांचं उत्तम चाललं आहे. मदत हवी आहे ती शनिवारची सकाळची शाळा सुटल्यापासून सोमवारच्या प्रार्थनेपर्यंतच्या वेळेसाठी.

ताडोबा झालं, नागझिरा झालं, रामटेकही झालं. सगळं त्यांना आवडलं. पण त्यांचं म्हणणं असं की जंगल आणि देवळं पाहिली, आता सुटीच्या दिवशी तुमच्या गावात कोण काय करतं ते पाहायचं आहे.

अडचण अशी की आपल्याकडे पाहुण्याला काम सांगायची रीत नाही. कुठल्याही गावी गेलं की अंगणात खुर्ची येते, चहा येतो, पोहे येतात, सरपंचांना फोन जातो, मग शाल-श्रीफळ आणि फोटो. त्यामागची माया मी जाणते. पण बसून बसून आम्ही परत येतो आणि जे काम बघायला गेलो तेच आमच्यापायी थांबलेलं असतं.

वेगळं घडलं ते गेल्या रविवारी. धानाची कापणी सुरू आहे. रस्त्याने जाताना एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, भारे बांधणं चाललं होतं. बाई धुऱ्यावर (बांधावर) थांबल्या, चपला काढल्या आणि सरळ आत उतरून वाळलेला कडपा (कापून पसरलेलं धान) कवेत घेतला. तणसाच्या (पेंढ्याच्या) दोन मुठी घेतल्या, शेंड्याला शेंडा लावून पीळ दिला, तो बंध भाऱ्याखालून घातला, वर गुडघा दाबून आवळला आणि टोक आत खोचलं. आमच्या बायका असाच बांधतात, फक्त पीळ दुसऱ्या बाजूचा. सगळ्या जणी विळे खाली ठेवून बघत राहिल्या. मग त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, “हिच्या घरी बी धान हाये वाटते.” खरंच आहे. त्यांच्या वडिलांची भातशेती आहे, आता सगळं यंत्रावर, पण लहानपणी आजीने हाताने शिकवलेलं. त्यानंतर कुणी खुर्ची आणली नाही. एकीने आपला विळा दिला, दुसरीने डोक्याला बांधायला दुपट्टा दिला. दुपारी धुऱ्यावरच भात, वांग्याची भाजी आणि ठेचा. जूनपासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे की त्यांना जिथे न्यायचं तिथे हाताला काही काम असावं. म्हणून जाणकारांना विचारते. झाडीपट्टीचं नाटक त्यांना रात्रभर दाखवायचं आहे, पण दोघी बायकाच जाणार, तर कुठे आणि कसं जावं? ढिवर (मासेमारी करणाऱ्या) मंडळींसोबत तलावावर जाता येईल का, आणि या दिवसांत तिथे काय चालतं? कोशाचं (रानरेशमाचं) सूत आणि माग कुठे जवळून बघायला मिळेल? आणि कुणाच्या घरी मुक्काम करायचा झाला तर परदेशी माणसासाठी काही कागदपत्रं करावी लागतात का? आणखी काही सुचत असेल तर तेही लिहा. रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत नवीन नवीन म्हणून त्यांना कुठे नेलं नाही, आता हिवाळा-उन्हाळाच हातात आहे.

वैनगंगाकाठ:

ताई, नाटक पाहाले गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाले जाऊ नोका. तिथं कंपन्यायची हापिसं हायेत, गावचे मंडळवाले तिथं जाऊन नाटक ठरवतेत. प्रयोग होतो गावोगावी. दिवाळी झाली का सुरू, ते होळीपर्यंत. सध्या तुमच्याच बाजूला मंडयांचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम आहे, भाऊबीजेपासून रोज कुठल्या ना कुठल्या गावची मंडई असते आणि मंडईच्या रात्री नाटक, दंडार (इकडचं लोकनाट्य), काहीतरी असतंच. दंडार मिळाली तर तीही सोडू नका.

दोघी बायका म्हणता तर एकच सल्ला. ज्या गावात तुमचे सोयरे आहेत त्याच गावचं नाटक निवडा. नाटकाच्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात, पोरापोरींची लग्नंसुद्धा याच दिवसांत जुळतात, त्यामुळे आणखी दोन माणसं आली तर कुणाला जड होत नाही. दिवसभर घरातल्या बायकांसोबत वडे-सुवाऱ्या तळायला बसा, तुम्हाला हवं ते काम तिथे भरपूर आहे. पडदा उघडायला रात्रीचे दहा-साडेदहा होतात आणि संपेपर्यंत उजाडतं. मंडपाजवळ बायकांची सोय बहुतेक ठिकाणी नसते, मधल्या वेळात घरी जाऊन येता आलं पाहिजे. हे कुणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

बाईंना आधी गोष्ट सांगून ठेवा. संवाद समजले नाहीत तरी चालेल. बाजूला बसलेल्या आज्या रडायला लागल्या की त्यांना कळेलच. आमच्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेही सांगा. शेतातल्या मंडपातून तिथवर गेलेला माणूस आहे.

गोंदियावाला:

कागदपत्रांचं आधी बघा. परदेशी नागरिकाला मुक्कामी ठेवणाऱ्याला त्याच्या माहितीचा फॉर्म (आजवर ज्याला ‘फॉर्म सी’ म्हणत आले तो) भरावा लागतो, आल्यापासून 24 तासांच्या आत, ऑनलाइन. हा नियम हॉटेलपुरता नाही, खासगी घरालाही आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती लागते. त्या आत्ता जिथे राहतात तिथला फॉर्म शाळेने भरला असेलच, पण दुसऱ्या गावी रात्र काढली तर त्या घरमालकाची जबाबदारी होते. खेड्यातल्या माणसाला हे माहीत नसतं. तुम्हीच त्यांच्यासोबत बसून भरा आणि ठाण्यात एक फोन करून ठेवा. नाटकाला जागून सकाळी परत आलात तर प्रश्न नाही.

तलावाचं म्हणाल तर आत्ता शिंगाड्याचे दिवस आहेत. ढिवर मंडळी सकाळीच डोंगा घेऊन पाण्यात उतरतात, वेल उलटा करून खालची फळं तोडतात, मग काठावर मोठ्या भांड्यात उकडतात. बाजारात काळे उकडलेले शिंगाडे दिसतात ते हेच. मासेमारी बघायची तर मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर जा. बहुतेक मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव) मच्छीमार सोसायट्यांकडे लिजवर असतात, सोसायटीच्या अध्यक्षांना आदल्या दिवशी विचारलं की पुरे. नवेगावबांधचा तलाव त्यांना याच नजरेने दाखवा. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला, डोंगरांच्या मधली खिंड मातीने अडवून. धानासाठी पाणी अडवणारं गाव त्यांना घरच्यासारखंच वाटेल.

कोष्टीपुरा:

मोहाडी तालुक्यात आंधळगावला या. साकोलीहून भंडारा करून यावं लागेल, म्हणून शनिवारी दुपारी निघू नका, रविवारी सकाळी निघा. आमच्या घरी आजोबांपासून माग आहे. एक विनंती. बाईंना मागावर बसवून फोटो काढू नका. पाय आणि धोटा (आडवा धागा नेणारा) यांचा मेळ बसायला महिने जातात आणि चुकीचा ठोका पडला तर तेवढं कापड उसवावं लागतं. त्यांना काम हवं असेल तर कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातल्या कांडीवर सूत गुंडाळायला, बसवा. आमच्या आईजवळ बसून तासाभरात येईल, चुकलं तरी नुकसान नाही, आणि गप्पा तिथेच होतात. कोसा मूळ जंगलातला, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवतात. ते बघायचं तर आरमोरीकडे जावं लागेल, तिथेही ढिवर समाजच हे काम करतो. उकडलेल्या कोशातून बायका मांडीवर सूत काढायच्या, माझ्या आजीच्या मांडीवर त्याचा घट्टा होता. आता यंत्रं आलीत, आणि बरं झालं.

जुना मास्तर:

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला पटलं नाही. परक्या देशातून आलेल्या शिक्षिकेला उन्हात बांधीत उभं करायचं? खुर्ची देणं हा आपला मान आहे. तो मान गरिबातला गरीब माणूस देतो आणि त्यात त्याला आनंद असतो. तो आनंदही बाईंनी पाहावा. शिवाय जे रोजीने कामावर आले आहेत त्यांचं काय?

धानपट्टा:

मास्तर, शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. कापणी ठेक्याने घेतलेली असेल तर पाहुण्यांमुळे टोळीचा वेळ जातो आणि तो त्यांच्या मजुरीतून जातो. म्हणून घरचीच माणसं राबत असतील त्याच शेतात जायचं, हे मी आता पक्कं ठरवते. गेल्या रविवारचं शेत घरचंच होतं, सावड्याने, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून, काम चाललं होतं.

पण खुर्चीबद्दल माझं मत वेगळं आहे. खुर्चीवरच्या पाहुण्याशी आमच्या बायका बोलत नाहीत, पदर सावरून दाराआड उभ्या राहतात. भारा बांधताना त्याच बायकांनी बाईंना विचारलं की तुझं लग्न झालं का, माय काय करते, तिकडे धानाला भाव काय. बाईंनीही विचारलं. मान द्यावाच, पण बायकांना बोलायला जागा मिळेल असा द्यावा.

गावडॉक्टर:

शेतात जाताय तर दोन गोष्टी. पुंजण्याजवळ (रचलेल्या भाऱ्यांजवळ) आणि तणसाच्या ढिगात उंदीर असतात, त्यांच्यामागे घोणस येते. हात घालण्याआधी काठीने हलवा, आणि चपला काढून उतरणं बंद करा, बूट घाला. दुसरं, गवतातल्या बारीक किड्यांपासून होणारा स्क्रब टायफस. 2018 साली विदर्भात याचे बरेच रुग्ण सापडले होते. शेतात गेल्यावर आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप आला, अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना शेतात गेल्याचं आवर्जून सांगा. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. जपानमध्ये हा आजार फार जुना आहे, बाईंना तो त्सुत्सुगामुशी म्हणून माहीत असेल. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर आंघोळ करा.

वऱ्हाडातून:

सगळे धानाकडेच ओढून रायले! यवतमाळ-अकोल्याकडे एखादी मोठी सुटी काढून या ना. वेचणी चालू आहे. पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच कापसाला हात लावायचा. आता ते झालं असेल, पण फरदडीपर्यंत (हंगामानंतरच्या उशिराच्या पिकापर्यंत) कापूस असतोच. वाटेत वर्ध्याला उतरून सेवाग्राम बघा. गांधीजी 1936 साली तिथे राहायला आले. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही जाऊन बसू शकतं. बसा आणि या, भाषणबिषण नाही.

धानपट्टा:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाळेत बाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांना शिंगाड्याचं आणि कांड्या भरण्याचं फार भावलं. सेवाग्राम नाताळच्या सुटीत करू. घोणशीचं चित्र मोबाइलवर दाखवलं, त्यांनी लगेच बुटांची चौकशी केली.

ठरलं ते असं. येत्या शनिवारी माझ्या मावसबहिणीच्या गावी, लाखांदूर तालुक्यात, मंडई आणि नाटक दोन्ही. दुपारी पोचून तिच्या स्वयंपाकघरात. रविवारी सकाळी परत, म्हणजे मुक्कामाचा प्रश्न नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आंधळगाव. कोष्टीपुरा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, आईंना कोणता दिवस सोयीचा ते कळवा.

एक अजून राहिलंच. अर्जुनी मोरगावच्या बाजूला शिंगाडा काढणाऱ्या एखाद्या सोसायटीशी कुणाची ओळख आहे का? बाईंना पाण्यात उतरायची घाई नाही, काठावर निवडायला आणि उकडायला बसल्या तरी चालेल. आणि नाटकाला बसायला खुर्चीचं तिकीट काढावं की खालचं?

वैनगंगाकाठ:

खालचं काढा. खुर्चीवर पाठ धरते, आणि आज्या सगळ्या खालीच बसतात. सतरंजी न्या, जाड चादरी दोन न्या, तीन वाजल्यानंतर चांगली थंडी वाजते. शिंगाड्याचं माझ्या साळ्याला विचारतो, तो तिकडेच बँकेत आहे. उद्यापर्यंत व्यनि करतो.