'कांतोरास': झोपडी विकत घेणं म्हणजे लढा की पळ?

गोगलगाय
कॅरोलिना दे रॉबर्तिस यांची 'कांतोरास' (२०१९) ही कादंबरी वाचून झाली. २७ जून १९७३ला उरुग्वेच्या राष्ट्राध्यक्षांनी लष्कराच्या पाठबळावर संसद बरखास्त केली. कादंबरी सुरू होते १९७७मध्ये. समलैंगिक असलेल्या पाचजणी राजधानी मोन्तेविदेओहून समुद्रकाठच्या काबो पोलोनिओला जातात. वीज नाही, धड रस्ता नाही, वाळूच्या टेकड्या, दीपगृह आणि समुद्रसिंह. पुढे पैसे जमवून तिथली एक झोपडी विकत घेतात. घरी माणसं जमवायची तरी परवानगी लागते अशा काळात या बायका स्वतःचं दार आणि रक्ताच्या नात्यापलीकडे जोडलेली माणसं मिळवतात. पुस्तकातली सर्वांत राजकीय गोष्ट हीच. काहींना ही नुसती किनाऱ्यावरची प्रेमकथा वाटते, ते मला अजिबात पटत नाही.

तिरफळ
असहमत. त्याच वर्षांत पुन्ता दे रिएलेसच्या तुरुंगात राजकीय कैदी बायका होत्या. त्यांनीही एकमेकींच्या आधारानेच दिवस काढले. ती जोडलेली माणसं नव्हेत? कादंबरीत लष्करी राजवट म्हणजे पावसाळी हवा, मधूनमधून खिडकीतून आत येते इतकंच. सुट्टीवर जाऊन लढा होत नाही.

गोगलगाय
अहो, पाचजणींतल्या रोमिनाला विसरलात? तिला पकडून नेलं होतं, सैनिकांनी बलात्कार केला. पाळी येते की नाही या धास्तीत ती समुद्रावर आलीय. सुट्टी म्हणे!

निशाचर
(पुढे रसभंग आहे.)
दोघंही मालेनाला टाळताय. तिला 'बरी' करायला डॉक्टरांच्या ताब्यात दिलं ते घरच्यांनी, लष्कराने नव्हे. चार मैत्रिणी मिळूनही तिने ते वर्षानुवर्षं आतच ठेवलं आणि शेवटी जीव दिला. १ मार्च १९८५ला नागरी सरकार आलं, त्याने तिच्या घरच्यांचं काय बदलणार होतं? झोपडीला लढा म्हणा नाहीतर पळ. मला ती अपुरी वाटते. लेखिकेलाही ते ठाऊक आहे, म्हणून तर पुस्तक आवडलं.

तिरफळ
मालेनाबद्दल मान्य. राजकीय कैद्यांच्या याद्या तरी निघाल्या, तिच्यासारखीची नोंद कोण ठेवणार? पण मग २०१३मधला लग्नाचा शेवटचा भाग इतका उजळ का? १९८६च्या कायद्याने हुकूमशाहीतल्या अत्याचारांबद्दलचे लष्कर-पोलिसांवरचे खटले रोखले. १९८९ आणि २००९, दोन्ही सार्वमतांत तो टिकला. २०११ला संसदेने नवा कायदा करून तो निष्प्रभ केला, तर फेब्रुवारी २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नव्या कायद्याची मुख्य कलमंच घटनाबाह्य ठरवली. आणि एप्रिलमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा मंजूर! दोन महिन्यांत हे दोन निर्णय. त्यातल्या एकाचाच उजेड का घ्यायचा?

गोगलगाय
म्हणजे गुन्हेगार मोकळे आहेत म्हणून या बायकांनी छत्तीस वर्षांनंतरही लग्नाला जायचं नाही?

तिरफळ
जावं की, नाचावंही. मी लेखिकेने कॅमेरा कुठे लावला त्याबद्दल बोलतेय.