बिस्मथ फेराइटवर पंप-प्रोब: एवढा कमी वेळ मोजतात कसा?

एमएस्सी_पुणे: नमस्कार, प्रोजेक्टला बिस्मथ फेराइट (बिस्मथ, लोह आणि ऑक्सिजनचं संयुग) घेतलंय. रूम टेंपरेचरलाच त्यात फेरोइलेक्ट्रिक (म्हणजे आपोआप तयार झालेलं विद्युत ध्रुवीकरण) आणि चुंबकीय ऑर्डर दोन्ही असतात हे कळलं, पण फेम्टोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग) काय होतं ते मोजणार कसं? एवढा फास्ट डिटेक्टर तर नसतोच ना?

लेझरवाला: अरे डिटेक्टर स्लोच असतो. लेझरची एक पल्स सॅम्पलला धक्का देते (पंप), दुसरी कमजोर पल्स जरा उशिरा येऊन बघते (प्रोब), आणि तो उशीर आरसा सरकवून, प्रकाशाची वाट लांबवून मिळवायचा. आरसा १५ मायक्रॉन मागे घेतला की जाऊन-येऊन ३० मायक्रॉन वाढले, म्हणजे १०० फेम्टोसेकंद. मी पहिल्यांदा सिग्नल स्क्रीनवर चढताना बघितला तेव्हा जेवायला जायचंच राहून गेलं, इतकं भारी वाटलं!

पाषाण_रोड: १९९६ चा निकेलवरचा प्रयोग आधी वाच, ६० फेम्टोसेकंदांच्या पल्सने चुंबकत्व एका पिकोसेकंदाच्या (हजार फेम्टोसेकंदांच्या) आत घसरलं होतं. पण निकेल धातू आहे, तुझ्या मटेरियलचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण २.७ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट), त्यामुळे ८०० नॅनोमीटरचा १.५५ ईव्हीचा फोटॉन सरळ शोषला जात नाही, पंपला ४०० नॅनोमीटर घे, त्याच्या फोटॉनची ऊर्जा दुप्पट असते.

एमएस्सी_पुणे: हे गॅपचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच सरांना विचारतो. थँक्यू दादा!