मदत हवी आहे: ४ फुटी फिश टँकचं वजन जुना स्लॅब घेईल का?

मंडळी, नेरूळला तिसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंग जुनी आहे आणि हॉलमध्ये ४ बाय २ बाय २ फुटाचा टँक ठेवायचाय. नुसतं पाणीच साडेचारशे लिटर म्हणजे तेवढेच किलो, वर काच, वाळू, दगड, स्टँड धरून सहाशेच्या पुढे जाणार, आणि घराचा स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर लाइव्ह लोड (म्हणजे माणसं, सामान वगैरेंचं वजन) धरून डिझाइन करतात, इथे टँकखाली तर पाऊण चौरस मीटरच जागा. दुकानदार म्हणतो बिनधास्त ठेवा (त्याचं काय जातंय!). खालच्या काकूंच्या सीलिंगचं प्लास्टर सुटलंय, गंजलेली सळई दिसते, म्हणून जास्त धाकधूक.

टँक बीमवरच्या भिंतीला लांबीने लावून ठेवला तर भागेल का? की खालून लोखंडी गर्डरच द्यावा लागेल, पण तो येणार काकूंच्या हॉलमध्ये, त्या कशाला हो म्हणतील! स्टँडखाली जाड प्लाय टाकला तर पायांचा पॉइंट लोड पसरतो हे कळतं, पण एकूण वजन तेवढंच राहतं ना? वाशी-नेरूळ साइडला घरी येऊन बघणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर कोणाच्या ओळखीत असेल तर प्लीज सांगा, अंदाजे किती घेतात तेही.