मदत हवी आहे : लादोन नदी, लादोन साप आणि माझी नामसूची

नमस्कार मंडळी,

इतके दिवस इथे नुसती वाचत होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

एका दिवाळी अंकासाठी आम्ही चार-पाच जण मिळून मुलांकरता ग्रीक पुराणकथांचा विभाग करतोय. कथा तिघांनी लिहिल्यात, चित्रं माझी भाची काढतेय आणि शेवटची नामसूची माझ्या गळ्यात पडलीय. मला वाटलं, अकारविल्हे नावं लावायची, पुढे एकेक ओळ लिहायची, दोन संध्याकाळींत उरकेल. आज तिसरा आठवडा आहे. जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरलेली आहेत आणि घरातले लोक ताटं मांडीवर घेऊन जेवताहेत.

झालं असं. गेल्या रविवारी भाचीने दाफ्नेचं (अपोलो देवापासून पळताना जिचं झाड होतं ती) चित्र पाठवलं. अपोलो मागे लागलाय, दाफ्नेच्या बोटांना पालवी फुटलीय, पायांची मुळं होताहेत, सगळं झकास. आणि काठावर, मुलीकडे कासावीस होऊन बघणारा भलामोठा साप, डोकीच डोकी. मी विचारलं, अगं हा कोण? तर म्हणे, "तिचा बाबा. तूच लिहिलंयस ना मावशी, लादोन : सोनेरी सफरचंदांची राखण करणारा शंभर डोक्यांचा साप. चाळीस काढली, उरलेली ढगात लपवलीत."

चूक माझीच. दाफ्नेचा बाप लादोन म्हणजे अर्केडियातली नदी. हेस्पेरिदी नावाच्या अप्सरांच्या बागेतला साप लादोन वेगळा. दोघांचा काडीचा संबंध नाही, नाव मात्र अक्षरन् अक्षर तेच. (रोमन कवी ओव्हिडने तर दाफ्नेचा बाप लादोन न घेता पेनेओस घेतलाय, ती थेसलीतली नदी. आणि पेनेओस पुन्हा दोन! दुसरी एलिसमध्ये. आवजियास राजाचे गोठे धुवायला हेराक्लीसने (म्हणजे हर्क्युलिसने) अल्फेओसबरोबर जी वळवली, ती ही.)

तेव्हापासून प्रत्येक कार्ड संशयाने बघतेय. जुना ग्रीक कवी हेसिओद याने महासागराचा देव ओकेआनोस आणि त्याची बायको तेथिस यांच्या पोटी जन्मलेल्या पंचवीस नद्यांची नावं दिलीत. त्यात नाईल आहे, अल्फेओस, एरिदानोस, स्कामांड्रोस, अखेलोओस आहेत आणि लादोनही आहे. या यादीतली दोन नावं मला छळताहेत :

रेसोस. ट्रॉयच्या परिसरातली नदी. पण रेसोस नावाचा थ्रेसचा राजाही आहे, पांढऱ्याशुभ्र घोड्यांचा, ज्याला दिओमिदिस आणि ओडिसियस यांनी रात्री झोपेत मारलं. नदी आणि राजा दोघंही 'इलियड'मध्येच, होमरच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात. पुढे एका नाटकात हा राजा स्ट्रिमोन नदीचा मुलगा ठरतो. म्हणजे गडी नदीच्या नावाचा, नदीचाच मुलगा, पण त्या नदीचा नाही.

नेसोस. थ्रेसमधली नदी, आजची नेस्तोस. आणि नेसोस नावाचा नरतुरंग (अर्धा माणूस, अर्धा घोडा), जो लोकांना पाठीवरून नदीपार नेत असे आणि ज्याने हेराक्लीसच्या बायकोवर, देयानेइरावर हात टाकला. तो कुठल्या नदीवर होता? एवेनोसवर. नेसोस नावाची नदी मोकळी पडलीय आणि नेसोस दुसरीकडे धंदा करतोय!

तर माझे प्रश्न :

१. नदी आणि तिचा देव यांची नोंद एकच करावी की दोन?

२. नावाचा प्रवास कुठून कुठे? नदीवरून माणसाला, की माणसावरून नदीला? मुलं हेच विचारणार.

३. लिंगाचं काय करू? ग्रीकमध्ये नदी पुल्लिंगी, आपल्याकडे ती. आमच्या लेखकाचं वाक्य जसंच्या तसं देते : "अल्फेओस अरेथुसाच्या मागे लागला, ती झरा झाली, मग तोही समुद्राखालून वाहत वाहत सिसिलीला पोचली." संपादकांनी 'पोचली'भोवती लाल गोल काढून पुढे तीन प्रश्नचिन्हं टाकलीत.

मुदत महिनाअखेर आहे. कृपया मदत करा. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

प्रतिसाद : पाणक्या

चित्र इथे टाका हो! साप-बाबा बघायचाय.

पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर : नोंद एकच. नदी वेगळी आणि तिचा देव वेगळा असं त्या लोकांच्या डोक्यातच नव्हतं. 'इलियड'चं एकविसावं पर्व काढा. ग्रीक वीर अखिलीस इतके ट्रोजन कापतो की स्कामांड्रोस प्रेतांनी तुंबते. मग तीच माणसाच्या रूपात बोलते : मारायचंच असेल तर मैदानात मार, माझा प्रवाह कशाला अडवतोस? तो ऐकत नाही. मग पाणी चढतं, प्रेतं काठावर फेकली जातात, अखिलीस एल्मचं झाड धरायला जातो तर तेच मुळासकट उपटून येतं. शेवटी अग्निदेव हेफायस्तोस आग लावतो, पाण्यातल्या वाम आणि मासे तडफडू लागतात, तेव्हा कुठे नदी शरण येते. यातलं पाणी कुठे संपलं आणि देव कुठे सुरू झाला हे दाखवा, मी तुमची सूची फुकट तपासून देतो.

अखेलोओस, आसोपोस, इनाखोस, पेनेओस यांचंही तसंच. लादोन साप, नेसोस नरतुरंग, रेसोस राजा यांना मात्र बिनदिक्कत वेगळी कार्डं द्या. नावापुढे कंसात नदी, साप, राजा, बस्स.

आणि क्सांथोस विसरू नका. स्कामांड्रोसला देव क्सांथोस म्हणतात, माणसं स्कामांड्रोस. शिवाय लिकियात क्सांथोस नावाची आणखी एक नदी, तिच्या काठी त्याच नावाचं शहर. आणि अखिलीसचा बोलणारा घोडाही क्सांथोस. ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या एका घोड्याचंही तेच नाव. शब्दाचा अर्थ 'पिवळसर', त्यामुळे गढूळ पाण्याला चालतं आणि घोड्यालाही.

प्रतिसाद : जुनी_वही

दुसऱ्या प्रश्नाला एक उत्तर नाही, दोन्ही दिशांनी वाहतूक आहे.

नदीवरून माणूस : सिमोएइसिओस नावाचा ट्रोजन पोरगा. आई माहेरच्यांबरोबर इडा डोंगरावरून उतरत असताना सिमोइस नदीच्या काठी बाळंत झाली, म्हणून हे नाव. कवी हे सगळं सांगतो आणि दोन-चार ओळींत ग्रीक वीर आयासच्या भाल्याने त्याला मारूनही टाकतो. हेक्टर आपल्या तान्ह्याला स्कामांड्रिओस म्हणतो, बाकीचं गाव त्याला आस्त्यानाक्स म्हणतं. आणि हे फक्त पुराणात नाही. अथेन्समधल्या खऱ्याखुऱ्या माणसांची नावं केफिसोदोतोस, म्हणजे केफिसोस नदीने दिलेला. त्या नावाचा एक नामांकित शिल्पकार ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात होऊन गेला. आपला गंगादत्तच की. (पंचतंत्रातला बेडूक आठवून हसू नये.)

माणसावरून नदी : एवेनोस हा राजा. मुलगी मार्पेसा हिला इदासने पळवलं, हा रथ घेऊन मागे लागला, नदीपाशी आल्यावर कळलं की आता गाठत नाही. घोडे मारले आणि स्वतः नदीत उडी घेतली. त्याआधी तिचं नाव लिकोर्मास होतं, तेव्हापासून एवेनोस. तुमचा नेसोस जिथे धंदा करतो तीच ही. फ्रिगियातला मार्सियास बासरीच्या स्पर्धेत अपोलोपुढे हरला, जिवंतपणी सोलला गेला आणि त्याच्या नावाची नदी झाली. ती मायांड्रोस नदीला मिळते. स्पार्ट्याच्या युरोतासचं मला फार आवडतं, ग्रीक प्रवासवर्णनकार पाउसानियास सांगतो : या राजाने दलदलीचं साचलेलं पाणी चर खणून समुद्राकडे काढून दिलं, आणि उरलेला जो प्रवाह झाला त्याला स्वतःचं नाव दिलं. उडी नाही, शाप नाही, सरळ पाटबंधारे खातं.

एक सावधगिरी. ग्रीक लेखक प्लुटार्क याच्या नावावर खपणारं (त्याचं नसलेलं) नद्यांवरचं एक पुस्तक आहे, पंचवीस प्रकरणांचं. त्यातून काही उचलू नका. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात कुणीतरी काहीतरी भयंकर करतो, पश्चात्तापाने नदीत उडी मारतो आणि नदीचं नाव बदलतं. सुरुवातच हिदास्पेसने, म्हणजे आपली वितस्ता, झेलम. पुढे गंगाही येते : गांगेस नावाचा एक देखणा तरुण, दारूच्या नशेत नको ते करून बसतो आणि नदीत उडी घेतो. हे वाचून आमच्या आजीने पुस्तक पाण्यात सोडलं असतं.

हिदास्पेस हवीच असेल तर ग्रीक कवी नोन्नोसकडे जा. इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं त्याचं अठ्ठेचाळीस सर्गांचं काव्य आहे, मद्याचा देव दियोनिसोस भारतावर स्वारी करतो त्याचं. त्यात हिदास्पेस आपल्या बाजूने लढते... लढतो... जाऊ दे, तिसरा प्रश्न माझ्याने होणार नाही.

प्रतिसाद : टिंगलटवाळ

नद म्हणा की! ब्रह्मपुत्र नद, शोण नद. शब्द आपल्याकडे पडून आहे आणि तुम्ही लाल गोल मोजताय.

प्रतिसाद : पाणक्या

नद बरोबर, पण दहा वर्षांच्या मुलाला 'नद' म्हणजे अडखळायला एक दगड जास्त. मी असं करेन : गोष्टीत पात्र म्हणून आला की 'नदीदेव अल्फेओस', तो पळाला, तो पोचला. नकाशात आणि सूचीत 'अल्फेओस नदी', ती वाहते. एका वाक्यात दोन्ही नकोत, एवढीच अट. तुमच्या लेखकाचं वाक्य म्हणून फसलं.

स्टिक्सला (पाताळातली नदी) हात लावू नका पण. ती मुळातच बाई. ओकेआनोसची थोरली लेक, देवांचा राजा झ्यूस याच्या लढाईत आपली मुलं घेऊन सगळ्यांत आधी हजर झाली, म्हणून देव तिच्या पाण्याची शपथ घेतात. खोटी शपथ घेणारा देव वर्षभर निपचित पडतो आणि पुढची नऊ वर्षं पंगतीतून बाद.

प्रतिसाद : धागाकर्ती

काय बोलू! सगळ्यांचे मनापासून आभार. टिंगलटवाळ, तुमचेही.

काल रात्री बसून कार्डं नव्याने लावली. जिथे नदी हाच देव, तिथे एक कार्ड. जिथे नुसतं नाव जुळतं, तिथे दोन, कंसात काय आहे ते. उडी मारणाऱ्यांचा वेगळा गठ्ठा केलाय, त्यात नदीचं जुनं नावही देतेय. 'नद' संपादकांना आवडला होता, पण भाचीने "म्हणजे नंदचा टायपो का?" विचारलं, तेव्हा पाणक्यांची पद्धत पक्की केली. अल्फेओस आता सिसिलीला 'पोचला'.

एरिदानोसपाशी अजून घुटमळतेय. सूर्याचा रथ हाकताना फाएथोन जिच्यात कोसळला ती दूर पश्चिमेची महानदी हीच, जिला पुढे इटलीतली पो समजू लागले. इतिहासकार हेरोदोतोस तर म्हणतो की असली नदी आहे यावरच माझा विश्वास नाही. आणि अथेन्समध्ये एरिदानोस नावाचा एवढासा ओहोळ खरोखर आहे, मोनास्तिराकी मेट्रो स्थानकात खाली वाकून बघता येतो. दोन कार्डं केलीत. हेसिओदच्या यादीतली नोंद मोठीच्या कार्डावर टाकली, बरोबर ना?

लादोन सापाला दाफ्नेच्या चित्रातून रजा मिळालीय, चाळीस डोक्यांसकट तो सफरचंदांपाशी गेला. त्याच्या जागी दाढीवाला, बैलाच्या शिंगांचा नदीदेव आलाय. आता भाचीचा पुढचा प्रश्न आलाय आणि तो तुमच्या गळ्यात घालते. हेराक्लीसने कुस्तीत अखेलोओसचं एक शिंग मोडलं, तर तिने त्याला एक शिंग काढायचं की दोन?

प्रतिसाद : जुनी_वही

कुस्तीआधी दोन. कुस्तीनंतर एक. पण पुराणकथांचा संग्राहक अपोलोदोरोस सांगतो की अखेलोओसने अमाल्थेआचं शिंग देऊन आपलं परत मिळवलं, म्हणजे त्यानंतर पुन्हा दोन. चित्र कुठल्या पानावर आहे?